तिरुवैयारु : पाच नद्यांकाठचा एक निवांत दिवस

प्रवास म्हटला की आपल्याकडे आधी याद्या होतात. कोणती देवळे पाहायची, कोणत्या गावी मुक्काम करायचा, कोणत्या गाडीने पुढे निघायचे, हे सारे महिनाभर आधी ठरते. दहा दिवसांत वीस ठिकाणे ‘उरकून’ कुटुंब घरी परतते आणि मग प्रवासाचा शीण घालविण्यासाठी आणखी दोन दिवसांची रजा काढावी लागते. घरातील गृहिणीची रजा तर कोणी हिशेबातच धरीत नाही. प्रवासातही डबा तिनेच भरायचा, मुलांचे कपडे तिनेच वाळत घालायचे आणि औषधाची बाटलीही तिच्याच पिशवीत असायची. वाचकहो, निवांतपणा खरोखर कोणाच्या वाट्याला येतो, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. आज ज्या गावी आपल्याला न्यायचे आहे, त्या गावाच्या इतिहासात हाच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिला आहे.

ते गाव म्हणजे तमिळनाडूतील तिरुवैयारु. तंजावरच्या उत्तरेस सुमारे १३ किलोमीटरांवर कावेरीच्या काठी ते वसले आहे. ‘तिरु’ म्हणजे श्री, ‘ऐ’ म्हणजे पाच आणि ‘आरु’ म्हणजे नदी. तेव्हा ‘श्रीपंचनद’ असे त्याचे रूप आपण आपल्यापुरते करून घ्यावे. थोर रचनाकार त्यागराज यांची समाधी येथे आहे. वारकऱ्यांना पंढरी, तसे कर्नाटक संगीताच्या उपासकांना तिरुवैयारु.

आता तंजावर मराठी माणसाला परके वाटत नाही. शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तेथे आपले राज्य स्थापिले आणि १८५५ मध्ये त्या घराण्यातील अखेरचे राजे दुसरे शिवाजी निवर्तले, तोवर भोसल्यांची गादी तेथे नांदली. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या बृहदीश्वराच्या भव्य आवारात हिंडताना भिंतीवर अचानक देवनागरी अक्षरे भेटतात. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाच्या चरित्राचा तो विस्तीर्ण मराठी शिलालेख. तो पाहून ऊर भरून येतो. मग राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहून, सांबाराचे नाव संभाजीमहाराजांवरून पडले ही कथा एकमेकांना सांगून, आपण पुढच्या गावाची गाडी धरतो. त्या कथेला समकालीन कागदाचा आधार सापडत नाही, पण सांगणाऱ्याच्या उत्साहात त्याने काही उणे पडत नाही.

हा अभिमान स्वाभाविक आहे. तथापि ‘येथे आमचे काय होते’ एवढेच शोधणारा प्रवासी तेथील पुष्कळ गोष्टी न पाहताच परततो. म्हणून सुचवावेसे वाटते, की तंजावर पाहून झाल्यावर एक दिवस अधिक राहावे, यादी खोलीवरच ठेवावी, आणि सकाळच्या पहिल्या बसने तिरुवैयारुला जावे. तेथे जाताना राजाचे वंशज म्हणून न जाता श्रोते म्हणून जावे.

तंजावरहून उत्तरेस निघाले, की अर्ध्यापाऊण तासाच्या वाटेत पूल लागत जातात. मुलांना ते मोजायला सांगावेत. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि अखेरीस कावेरी, अशा या पाच नद्या. वरच्या अंगाला कल्लणै नावाचा प्राचीन बंधारा आहे. तो करिकाल चोळाने बांधला असे परंपरा मानते. तेथे कावेरीपासून वेण्णारु वेगळी होते. बाकीच्या लहान नद्या या दोघींच्या लेकी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, केळीच्या बागा आणि मधूनच नारळीची रांग दिसते. हे सारे हिरवेपण मात्र बारमाही नसते. १९३४ मध्ये पुऱ्या झालेल्या मेट्टूर धरणातून रिवाजाप्रमाणे १२ जून रोजी पाणी सोडतात आणि २८ जानेवारीस ते बंद करतात. धरणात पाणी कमी असले, तर हे वेळापत्रकही चुकते. उन्हाळ्यात गेलात, तर कावेरीच्या पात्रात वाळूच अधिक भेटेल. पावसाळा संपल्यावर गेलात, तर घाटाच्या पायऱ्यांना पाणी लागलेले दिसेल. मुलांना हे अवश्य सांगावे, कारण ज्या नदीकाठी इतके संगीत जन्मले, ती नदी आज दोन राज्यांच्या वाटणीचा विषय आहे.

गावात पोचल्यावर प्रथम ऐयारप्पर म्हणजे पंचनदीश्वराच्या देवळात जावे. देवीचे नाव धर्मसंवर्धिनी. देऊळ मोठे आहे, प्राकारामागून प्राकार आहेत, आणि सकाळच्या वेळी दगडी फरशी पायांना थंड लागते. आवाराच्या एका कोपऱ्यात उभे राहून हाक मारली, की ती सात वेळा परत येते, असे म्हणतात. मुले हा प्रयोग केल्यावाचून राहणार नाहीत. त्यांना करू द्यावा. राजराज चोळाची राणी लोकमहादेवी हिने याच आवारात उत्तरकैलास नावाचे मंदिर बांधविले. राजाचे मंदिर तंजावरात जगप्रसिद्ध झाले. राणीचे येथे शांतपणे उभे आहे. एका स्त्रीने बांधविलेली ही येथील पहिली वास्तू लक्षात ठेवावी, कारण दुसरी अजून पुढे भेटायची आहे.

या स्थळाशी सातव्या शतकातील शैव संत अप्पर यांची एक सुंदर कथा निगडित आहे. वृद्धपणी ते कैलासाच्या दर्शनाला निघाले. पाय चालेनात तेव्हा सरपटत निघाले, तरी मागे फिरेनात. अखेर देवानेच त्यांना उत्तरेतील एका सरोवरात बुडी मारायला सांगितले. ते वर आले, ते तिरुवैयारुच्या तळ्यात. तेथे जोडीने जाणारे हत्ती आणि पक्ष्यांची जोडपी त्यांना दिसली आणि त्या प्रत्येक जोडीत त्यांना शिवपार्वतीचे दर्शन घडले. दूरच्या कैलासासाठी झिजलेल्या माणसाला तो अशा साध्या ठिकाणी सापडावा, ही गोष्ट प्रत्येक प्रवाशाने मनात ठेवावी अशी आहे.

देवळातून निघून आपण नदीकाठी समाधीपाशी येतो. वाटेत तिरुमंजन वीथी लागते. त्यागराज या रस्त्यावर राहत असत, आणि त्या जागी आज त्यांचे स्मारक आहे. १७६७ मध्ये तिरुवारूर येथे त्यांचा जन्म झाला. तेथील देवाचेच नाव त्यांना मिळाले. कुटुंब तेलुगूभाषक, गाव तमिळ, राज्य मराठ्यांचे, आणि आराध्यदैवत अयोध्येचा राम! भारतीय ऐक्याविषयी आपण व्याख्याने ऐकतो; येथे ते ऐक्य एका माणसाच्या दिनक्रमातच होते. रोज सकाळी ते भजन गात गावातून उंछवृत्तीने भिक्षा मागत. मिळालेल्या धान्यात स्वतःचे कुटुंब आणि शिष्यांचा परिवार चाले. त्यांच्या सुमारे ७०० रचना आज उपलब्ध आहेत.

परंपरा अशी सांगते, की त्यांची कीर्ती ऐकून तंजावरच्या सरफोजीराजांनी त्यांना दरबारात बोलावणे पाठविले आणि द्रव्य देऊ केले. त्यागराजांनी ते नाकारले, आणि धनात सुख अधिक की रामाच्या सान्निध्यात, असा प्रश्न आपल्या मनालाच विचारणारी एक रचना त्या वेळी केली. ती कल्याणी रागात आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या यमनाच्या सुरांत. मराठी प्रवाशाने येथे थोडा वेळ थांबावे. ज्या राजाचा शिलालेख पाहून काल ऊर भरून आला, त्याच राजाचे आमंत्रण या काठावर नम्रपणे परत पाठविले गेले. त्यात राजाचा अपमान नव्हता. दुसऱ्याच्या वेळापत्रकावर आपले गाणे न बांधण्याचा तो निश्चय होता. सकाळची भिक्षा पुरेशी आहे, उरलेला दिवस रामाचा आणि सुरांचा आहे, असे ज्याने ठरविले, त्याचा निवांतपणा कोणत्याही राजाच्या निवांतपणाहून मोठा म्हणावा लागेल.

परंतु तंजावरच्या दरबाराला एवढ्यावरून अरसिक समजू नये. त्यागराजांचे गुरू सोंठी वेंकटरमणय्या हे त्याच दरबाराचे गवई होते. शहाजीराजांनी तिरुवारूरच्या त्यागराज देवावर तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंध’ रचला. तुळजाराजांनी ‘संगीतसारामृत’ हा शास्त्रग्रंथ संस्कृतात लिहिला. सरफोजीराजांनी तर ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी गेय नाट्यातून जगाचा भूगोल शिकविला. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु या चौघा बंधूंना त्यांच्या दरबारात आश्रय होता; आज भरतनाट्यम ज्या क्रमाने रंगमंचावर सादर होते, तो क्रम लावण्याचे श्रेय या बंधूंकडे जाते. राजे मराठी होते, पण मराठीचाच आग्रह धरून बसले नाहीत. परमुलखात गेलेल्या आपल्या पूर्वजांचा हा गुण त्यांच्या तलवारीइतकाच आठवण्याजोगा आहे.

आता समाधीसमोर सावलीत बसावे. त्यागराज १८४७ मध्ये ६ जानेवारीस निवर्तले. तिथी आपल्या पंचांगाने पौष वद्य पंचमी. आज तेथे नीटनेटके मंदिर, मोकळे आवार आणि शेजारी नदी आहे. पण हे आवार असे नेहमी नव्हते. त्यागराजांच्या मागे समाधीची दुर्दशा झाली. १९०३ मध्ये त्यांच्या शिष्यपरंपरेतील दोघांनी, उमयाळपुरम येथील कृष्ण भागवतर आणि सुंदर भागवतर यांनी, तिचा जीर्णोद्धार केला. पुढे दरवर्षी पुण्यतिथीचा उत्सव होऊ लागला. मात्र भागवत मंडळींत तट पडले आणि थोरला पक्ष व धाकटा पक्ष असे दोन उत्सव सुरू झाले. एका गोष्टीत मात्र दोन्ही पक्षांचे एकमत होते. समाधीपुढे स्त्रियांनी गायचे नाही!

येथे या गावाच्या कथेत बंगलोर नागरत्नम्मा येतात. त्यांचा जन्म १८७८ मधला, म्हैसूर राज्यातील नंजनगूडचा. त्या देवदासी कुळातल्या, उत्तम गायिका आणि बहुभाषी विदुषी होत्या. त्यांचे आणखी एक काम आपल्याला विशेष जवळचे वाटावे. तंजावरच्या प्रतापसिंहराजांच्या दरबारात मुद्दुपळनी नावाची कवयित्री होऊन गेली. ‘राधिकासांत्वनम्’ हे तिचे तेलुगू काव्य. एकोणिसाव्या शतकात ते छापताना तिचा स्वतःविषयीचा मजकूर आणि काही भाग गाळले गेले होते. नागरत्नम्मांनी मूळ संहिता मिळवून १९१० मध्ये ते काव्य संपूर्ण छापले. त्यावर अश्लीलतेचा ठपका आला, ब्रिटिश सरकारने बंदी घातली, आणि ती उठायला १९४७ साल उजाडावे लागले. मराठा दरबारातील एका स्त्रीचा आवाज दीडशे वर्षांनी दुसऱ्या स्त्रीने पुन्हा ऐकू येईल असा केला, ही गोष्ट आपल्या मुलींना आपण क्वचितच सांगतो.

समाधीच्या दुरवस्थेची वार्ता नागरत्नम्मांना त्यांचे गुरू बिडारम कृष्णप्पा यांच्याकडून कळली. त्या तिरुवैयारुला आल्या, जमीन मिळविली आणि १९२१ मध्ये बांधकामास आरंभ केला. आयुष्याची कमाई त्यांनी त्यात ओतली, दागिनेही विकले. १९२५ पर्यंत मंदिर उभे राहिले. आणि ज्या स्त्रीने ते बांधले, तिलाच उत्सवात गायला बसू देईनात! त्यांनी तक्रार करीत घर गाठले नाही. १९२७ पासून त्यांनी समाधीच्या मागील बाजूस स्त्रियांचा स्वतंत्र उत्सव सुरू केला. आता तीन पक्ष झाले. पुढे तेरा-चौदा वर्षांनी, १९४० च्या सुमारास, तिन्ही पक्ष एक झाले, आणि सर्वांनी मिळून गायचे असे ठरले. आपली मालमत्ता न्यासाच्या स्वाधीन करताना, देवदासींसह सर्व स्त्रियांना येथे पूजेचा व गाण्याचा अधिकार राहील, अशी अट नागरत्नम्मांनी घातली. १९५२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे स्मारक समाधीसमोरच आहे. मूर्तीच्या रूपाने त्या अजूनही त्यागराजांकडे पाहत बसल्या आहेत. राणी लोकमहादेवीनंतरची दुसरी वास्तू म्हटली, ती हीच.

आराधनेच्या दिवशी सकाळी तिरुमंजन वीथीवरून उंछवृत्तीची भजनी मिरवणूक समाधीपर्यंत येते. नागस्वरम आणि तविल यांचा मंगलध्वनी होतो. मग शेकडो गायक-वादक समोरासमोर जमिनीवर बसतात आणि त्यागराजांच्या पाच थोर रचना, ‘पंचरत्न’, एकसुरात गातात. राग अनुक्रमे नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री. पाचव्या रचनेत जगातील सर्व थोर जनांना वंदन आहे. नाव झालेले आणि न झालेले, स्त्री आणि पुरुष, सारे एका पंक्तीत बसून ती गातात, तेव्हा त्या वंदनाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. उरलेल्या दिवसांत प्रत्येक कलावंत थोडा वेळ गातो आणि मानधन घेत नाही. आपल्याकडे मिरजेला उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या उरुसात कलावंत अशीच हजेरी लावतात. खाँसाहेबांना कर्नाटक संगीताची मोठी ओढ होती. त्यागराजांची खरहरप्रिया रागातील एक कृती त्यांनी ध्वनिमुद्रितही केली. १९३७ मध्ये मद्रासहून पुदुच्चेरीकडे जाताना वाटेतील सिंगपेरुमाळ कोविल स्थानकावर त्यांचे निधन झाले. मिरज आणि तिरुवैयारु यांच्यामधील अंतर नकाशावर वाटते तितके लांब नाही!

आराधनेचा सोहळा एकदा तरी पाहावा. परंतु निवांतपणा हवा असेल, तर एरवीचा साधा दिवसच बरा. गावात तमिळनाडू शासनाचे संगीत महाविद्यालय आहे, तेव्हा सूर कानी पडण्याची आशा वर्षभर ठेवायला हरकत नाही. आपल्याला तमिळ किंवा तेलुगू येत नाही, म्हणून संकोच करू नये. त्यागराजांच्या रचना ऐकणाऱ्या अनेक तमिळ श्रोत्यांनाही तेलुगू येत नाही. तरी ते डोळे मिटून ताल धरतात. आपणही तो धरावा. आदिताल आठ मात्रांचा आहे. तळवा मांडीवर एकदा वाजवावा, मग करंगळी, अनामिका आणि मधले बोट एकामागून एक टेकवावे. या चार मात्रा झाल्या. नंतर तळवा वाजवून उलटा करावा, पुन्हा वाजवून पुन्हा उलटा करावा. या पुढच्या चार. दहा वर्षांचे मूल पाच मिनिटांत हे शिकते आणि मग मोठ्यांना दुरुस्त करू लागते. पंचरत्नांच्या पाचही रचना आदितालातच आहेत. रागही सारेच अनोळखी नसतात. मोहनम आपल्या भूपाच्या सुरांचा, हिंदोळम मालकंसाच्या. मात्र नावावरून फसू नये. कर्नाटकी श्रीराग आपल्या श्रीरागाहून अगदी निराळा आहे.

दुपारी केळीच्या पानावर जेवावे. भात, सांबार, रसम, भाजी, ताक, असा साधा बेत असतो. नंतर गावची खास मिठाई मागावी. तिला अशोका हलवा म्हणतात. मुगाची डाळ, साखर आणि भरपूर तूप यांचा तो मऊ, केशरी रंगाचा पदार्थ आपल्या मुगाच्या डाळीच्या शिऱ्याची जवळची नातलग वाटेल. आणि गृहस्थहो, एक विनंती आहे. त्या दुपारी मुलांचे हात धुणे, पाण्याची बाटली भरणे आणि पिशवी सांभाळणे हे सारे आपण करावे. घरच्या गृहिणीला कावेरीच्या घाटावर सावलीत दोन तास नुसते बसू द्यावे. तिने वाचावे, डोळे मिटावेत किंवा नदीकडे पाहत राहावे. वर्षानुवर्षे रेडिओवरचे गाणे तिने फोडणीच्या आवाजातून ऐकले आहे. स्त्रियांना बसून गाता यावे म्हणून जेथे एक बाई इतकी वर्षे झगडली, तेथे आपल्या घरातील बाईला बसून ऐकताही येऊ नये, हे बरे दिसणार नाही.

उन्हे उतरल्यावर तंजावरला परतावे. संध्याकाळी जमल्यास वीणा करणाऱ्या एखाद्या कारागिराची जागा पाहावी. जाण्यापूर्वी विचारून घ्यावे म्हणजे त्याच्या कामात व्यत्यय येत नाही. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची असते. दांडीच्या टोकाला यालीचे, म्हणजे काल्पनिक सिंहसदृश प्राण्याचे, मुख कोरलेले असते. वाजविण्याच्या तारा चार आणि तालाच्या तीन. धातूचे २४ पडदे काळ्या मेणाच्या पट्टीवर बसवितात, आणि कारागीर एकेक पडदा कानाने पारखून आपल्या जागी आणतो. २०१३ मध्ये या वीणेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला तो २०२४ मध्ये मिळाला. लाकूड चांगले मुरलेले लागते, कोरीव काम हाताचे, आणि घाई केली तर वाद्य बिघडते. ज्या वस्तूतून आपल्याला दोन घटकांची विश्रांती लाभते, ती घडविणाऱ्याचे कष्ट किती दिवसांचे असतात, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले बरे.

दिवसाची अखेर एखाद्या हरिकथेने झाली, तर मराठी कानांना एक अनपेक्षित भेट मिळेल. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर रामचंद्रबुवांसारखे मराठी कीर्तनकार तंजावरात आले. त्यांची कीर्तने ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी दक्षिणेतील हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी आणि अभंग हे आपले छंद अशा रीतीने तिकडच्या कथेकऱ्यांच्या मुखी गेले. तमिळ निरूपण ऐकता ऐकता मध्येच दिंडीची चाल कानी पडते, आणि परक्या घरी आपल्या आजीच्या हातची चव लागावी तसे वाटते. तंजावरात आजही काही घरांत मराठी बोलतात. शतकांच्या वास्तव्याने तिला तमिळचा लहेजा चढला आहे. ती ऐकून हसू नये; पुण्यामुंबईची मराठीही या काळात जागच्या जागी राहिलेली नाही.

वाचकहो, असा हा दिवस. खर्च म्हणाल, तर बसचे भाडे, पानावरचे जेवण आणि पानभर हलवा. यादीतील एकदोन ठिकाणे त्यापायी राहून जातील. खुशाल राहू द्यावीत. या गावातील ती मोकळी जागा आपोआप मिळालेली नाही. एकाने राजाचे द्रव्य नाकारून तिला गाणे दिले, आणि जिला गाऊ दिले नाही तिने स्वतःचे दागिने विकून तिच्यावर छप्पर घातले. म्हणूनच आज तेथे कोणत्याही भाषेच्या, कोणत्याही घरच्या माणसाला येऊन बसता येते. पुढच्या सुटीचा बेत आखताना तंजावरच्या पुढे आणखी एक दिवस लिहावा, आणि त्या दिवसासमोरील रकाना कोराच ठेवावा.